सोमवार पाळणारा संगणक

मंजुश्री शाळेतून आली आणि दप्तर खाली टेकायच्या आत अप्पांनी तिच्यापुढं रजिस्टर धरलं.

"आजच्या नऊ आल्यात. हितं सही कर."

मंजूनं निमूट पेन घेतला. आवक क्रमांक एकशे तेवीस ते एकशे एकतीस. 'कोणाकडून' या रकान्यात नऊही ओळींत सुवाच्य अक्षरात 'संगणक' लिहिलेलं. 'विषय'च्या रकान्यात 'सिस्टीममध्ये बिघाड आढळला आहे, कळवायचे का?' हे वाक्य दर वेळी पूर्ण लिहिलेलं, कारण 'वरीलप्रमाणे' लिहिणारा माणूस अप्पांच्या मते आयुष्यात कुठंच पोचत नसतो. शेवटचा रकाना कार्यवाहीचा. तिथं नऊ वेळा: 'कु. मंजुश्रीकडे वर्ग.'

मल्लिनाथअप्पा हलकुडे हे मंजूचे आजोबा. एका सरकारी ऑफिसात छत्तीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढच्या टेबलावर ढकलायचा. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण आपल्या हातून एकही कागद हरवला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला सांगत. रिटायर झाले आणि कागद यायचे थांबले. आठ वर्षं हा माणूस शिक्का घेऊन नुसता बसून होता. आणि मग मंजूनं घरातला कॉम्प्युटर जिवंत केला.

तो कॉम्प्युटर पप्पांचा, वय वर्षं बारा. चालू करून चहा पिऊन यावं, आंघोळ उरकून यावी, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असे. विष्णुपुरीला इंजिनियरिंग शिकणाऱ्या पुनमताईनं दिवाळीत मंजूच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. ह्यात लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालतं, फुकट आहे, म्हाताऱ्या मशीनलाही झेपतं, म्हणाली. मंजूनं ते टाकलं. तीन वेळा फसलं, चौथ्यांदा बसलं. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उठू लागला आणि चक्क मराठीत बोलू लागला, कारण अप्पांना वाचता यावं म्हणून तिनं भाषा मराठी निवडली होती. या सगळ्या प्रकरणात आपली चूक तेवढी एकच, असं तिचं आजही मत आहे.

तोपर्यंत नववी ब मधल्या मंजूला वर्गात कोणी फारसं ओळखत नव्हतं. लातुरात मार्क सांगितल्याशिवाय माणसाची ओळख पटत नाही, आणि मंजूचे मार्क सांगण्यासारखे नव्हते, तसे लपवण्यासारखेही नव्हते. पण उठून बसलेल्या त्या कॉम्प्युटरनं तिच्या अंगात भलतंच वारं भरलं. शाळेच्या लॅबमधले सहा बंद कॉम्प्युटर भंगारात निघणार असं कानावर आलं, तशी ती सरळ बिरादार मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये शिरली आणि म्हणाली, "मॅडम, भंगारवाल्याला देऊ नका. मी चालू करून देते."

बोलून झाल्यावर आपण बोललो हे तिच्या लक्षात आलं. बिरादार मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. 'चालू करून देतो' म्हणणारी माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ बघितली होती. त्यांनी अट घातली. घरचं मशीन नीट चालतंय, असा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या सहीचा दाखला आणायचा. मुदत शनिवार. शनिवारी दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे अप्पा. आणि ज्या मशीनच्या नावावर एकशे एकतीस तक्रारी प्रलंबित, त्याला दाखला दिला तर छत्तीस वर्षांच्या इज्जतीचं काय, असा अप्पांचा सवाल होता.

तीन आठवड्यांपूर्वी पडद्यावर पहिल्यांदा ती चौकट उगवली होती. बिघाड आढळला आहे, कळवायचे का? खाली दोन बटणं, 'कळवा' आणि 'रद्द करा'. जगातला कुठलाही शहाणा माणूस 'रद्द करा' दाबून मोकळा झाला असता. पण आलेलं टपाल परत लावायचं अप्पांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी 'कळवा' दाबलं. घरातलं इंटरनेट म्हणजे पप्पांचा मोबाईल, आणि तो पप्पांबरोबर कामावर. मग कॉम्प्युटरनं नम्रपणे सांगितलं, 'कळवता आले नाही.' अप्पांनी त्याचीही नोंद त्याच विषयाखाली घेतली. अशी एका तक्रारीच्या पोटी दुसरी तक्रार जन्माला येत गेली. अप्पांनी कॉम्प्युटरच्या खोलीवर पाटी लावली, 'कार्यालयीन वेळ अकरा ते बारा, रविवारी सुट्टी', आणि त्या वेळात दार आतून लोटून घेऊ लागले. माजघरात अव्वाला, म्हणजे मंजूच्या आजीला, नुसता शिक्क्याचा ठप्प ठप्प आवाज यायचा. रजिस्टर मंजूला मात्र संध्याकाळी सहीपुरतंच दाखवलं जाई, तेही आजच्या ओळींवर अप्पांचं बोट ठेवलेलं. जुनं दप्तर चाळायचा हक्क तिच्या टेबलाला नव्हता.

मंगळवारी सही करून मंजूनं पुनमताईला फोन लावला. पुनमताई म्हणाली, मशीन आपली डायरी लिहीत असतं, तिला लॉग म्हणतात, ती उघड. मंजूनं काळी खिडकी उघडून कमांड मारली. अप्पा नोंदी करत होते, पण हा गडी अप्पांच्याही वरचा निघाला. एकच ओळ हजारो वेळा लिहिलेली: चार नंबरच्या पोर्टमधून प्रमाणाबाहेर करंट ओढला जात आहे.

"यूएसबीच्या कुठल्यातरी भोकात गडबड हाय बघ," पुनमताई म्हणाली. "मागं काय काय लावलंय?"

मंजू टेबलाखाली शिरली. कीबोर्ड होता, माऊस होता. बाकीची भोकं रिकामी. तिनं माऊस बदलला, मैत्रिणीचा कीबोर्ड आणून लावला. बुधवारी आणखी आठ तक्रारी आल्या, आणि त्यांत एक विषय अगदी नवा होता. डायरी इतकी फुगली होती की कॉम्प्युटरचं पोट भरलं. 'डिस्कवर जागा शिल्लक नाही.' अप्पा खुशीत होते. रोज रोज तेच लिहून त्यांनाही कंटाळा आला होता. मंजूनं डायरी रिकामी करून टाकली, तर अप्पांनी हरकत घेतली. जुनं रेकॉर्ड नष्ट करायला वरिष्ठांची मंजुरी लागते, ती कोणाची घेतलीस, म्हणाले.

त्याच संध्याकाळी मंजूला कॅबिनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या लोखंडी डब्यावर, विभूतीचे तीन आडवे पट्टे दिसले. नीट, तीन बोटांनी ओढलेले.

"अव्वा, हे काय लावलंस?"

"ईभूत," गुरम्माअव्वा शांतपणे म्हणाली. "तुला न्हाई कळायचं."

कळायला थोडा वेळ लागला. झालं होतं असं की, शेजारच्या महामायाकाकूंना त्यांच्या गच्चीवरून कॉम्प्युटरच्या खोलीची खिडकी तिरकी दिसायची. रोज अकराच्या सुमारास अप्पा त्या मशीनपुढं गुडघे टेकून, मान तिरपी करून, डोळे मिटून बसतात, असं त्यांनी स्वतः बघितलं होतं. वर बारीक 'घूंऽऽ' असा नाद येतो, तो ओंकारच असणार. अव्वाला गहिवरून आलं होतं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, या माणसानं देवळात घंटा वाजवली तर तीसुद्धा चालू आहे का बघायला. तो आता रोज गुडघे टेकतोय.

मंजूनं कपाळावर हात मारला. घरात एकाला तक्रारी हव्यात, दुसरीला देव हवा, आणि शनिवार तीन दिवसांवर आलेला. तेव्हा तिनं जरा शॉर्टकट मारला. सेटिंगमध्ये जाऊन संदेश दाखवायचेच बंद करून टाकले. गुरुवारी अकरा ते बारा घरात शिक्का एकदाही वाजला नाही.

संध्याकाळी ती दाखला टाईप करूनच अप्पांसमोर उभी राहिली. अप्पांचं तोंड सुतकी होतं.

"आज एकबी आली न्हाई," ते म्हणाले.

"मग मिटलं की. करा सही."

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं, पण नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं छोटी घंटा होती आणि घंटेवर तिरकी रेघ.

"ही घंटी कामून बंद हाय?"

मंजूनं दाखल्याचा कागद उगाच सरळ केला. अप्पांना तेवढ्यात उत्तर मिळालं.

"तक्रार येत न्हाई आन् तक्रारच न्हाई, ह्यात फरक असतो, मंजे. आमच्या हापिसात एक सायेब हुता. त्यानं टपालपेटीलाच कुलूप लावलं हुतं. म्हणला, बगा, माझ्या काळात एक तक्रार न्हाई."

"मग? काय झालं त्याचं?"

"बढती झाली. ते सोड. पण आपल्या घरात लपवाछपवी चालायची न्हाई. जे हाय ते टेबलावर पायजे. चालू कर ती घंटी."

मंजूनं घंटा चालू केली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं माऊसकडं बघून गिळलं. सहा कॉम्प्युटर तिला टेम्पोत पालथे पडलेले दिसायला लागले. वर्गातल्या पोरी काय म्हणतील याचं तिला एवढं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता तिनं हात वर केला होता, तो आता तसाच खाली घ्यायचा, हे मात्र जमेना.

अव्वा तिच्याजवळ येऊन बसली. तिला नातीचं दुःख कळलं होतं, उपाय तेवढा वेगळा होता.

"रडू नगं. कडक दैवत हाय, पण न्यायी हाय. सोमवार पाळतंय ते."

"कोण?"

"तुझं मशीन. सोमवारी एक तक्रार करत न्हाई. मी हितं बसून ऐकते की. सोमवारी शिक्क्याचा आवाज म्हणून येत न्हाई."

मंजूला हसू आलं. मग ते अर्ध्यातच थांबलं. अप्पा फिरायला गेले होते आणि रजिस्टर टेबलावरच होतं. तिनं पहिल्यांदाच ते पहिल्या पानापासून उघडलं. छत्तीस वर्षांची शिस्त ती. प्रत्येक ओळीला तारीख, वार, तास, मिनिट. सगळ्या तक्रारी अकरा दहा ते अकरा चाळीसच्या मधल्या. रविवार सुट्टीचे म्हणून कोरे, पण तिन्ही सोमवारही कोरे. शिवाय मधला एक बुधवार कोरा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. त्या बुधवारच्या चौकोनात काळा गोळा होता. अमावास्या.

क्षणभर तीसुद्धा त्या तीन पट्ट्यांकडं जरा आदरानं बघू लागली. मग तिला पुनमताईचं आठवलं. मशीन आपणहून काही करत नाही, कोणीतरी करतं तेव्हाच ते ओरडतं. म्हणजे सोमवारी आणि अमावास्येला मशीन गप्प बसत नसणार, माणूस गप्प बसत असणार.

"अव्वा, सोमवारी आपल्या घरात काय काय करत न्हाईत?"

"किती तरी. कटिंग न्हाई, दाढी न्हाई, नखं काढायची न्हाईत."

"आन् अमावश्येला?"

"तेच की."

नखं काढायला करंट लागत नाही. पप्पांची दाढी सकाळी सातला बाथरूममध्ये उरकते. राहिले अप्पा. पण अप्पा तर ब्लेडवाले. दिवाळीत देवणीहून बसवंतकाका आले होते, त्यांनी अप्पांसाठी ट्रिमर आणला, तेव्हा अप्पांनी त्यांना पाऊण तास उभं करून ऐकवलं होतं. जो माणूस आज करंटवर दाढी करतो तो उद्या करंटवर जेवेल, इथपर्यंत ते गेले होते. त्यानंतर तो ट्रिमर कोणी बघितला नव्हता. काकांनी परत नेला असणार, असं सगळे धरून चालले होते.

मंजू मोरीत गेली. फळीवर अप्पांचा दाढीचा ब्रश उभा होता. ठणठणीत कोरडा. त्याच्या केसांत कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि जाळ्याचं वय बघता कोळी तिथं चांगलाच रुळलेला होता.

शुक्रवारी तिनं पहिल्याच तासाला प्रयोगवही घरी राहिल्याचं सांगितलं आणि शाळेतून पळत घर गाठलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. महामायाकाकू गच्चीवर हात जोडून उभ्या होत्या. अव्वा दाराबाहेर बेलाचं पान घेऊन बसली होती, कार्यालयीन वेळ संपायची वाट बघत. आतून 'घूंऽऽ' असा नाद येत होता आणि मधेच 'ठप्प'.

मंजूनं दार ढकललं.

अप्पा गुडघ्यांवर होते. हातातल्या ट्रिमरची वायर जेमतेम वीतभर, ती थेट कॅबिनेटच्या मागच्या भोकात गेलेली, त्यामुळं गाल मशीनला चिकटवून, मान तिरपी करून, डोळे मिटून त्यांची दाढी चालली होती. उजवी बाजू गुळगुळीत, डावीवर पांढरं रान, कारण असल्या बसण्यात एका दिवशी एकच गाल जमायचा. पडद्यावर चौकटीवर चौकट येत होती. दर चौकटीला ते ट्रिमर थांबवत, डाव्या हातानं शिक्का मारत, वेळ लिहीत आणि पुन्हा मान तिरपी करत.

ट्रिमर घूं करतच राहिला.

"अप्पा," मंजू म्हणाली, "हे भिंतीच्या बटनाला लावायचं की."

"हितलं मशीनला लागलंय, दुसरं हालमधी हाय," अप्पा म्हणाले. "हालमधी तुझी अव्वा हाय."

"आन् हे लावलं की तक्रारी येतात, ते दिसलं न्हाई?"

"येत हुत्या की." अप्पांचा आवाज जरा दुखावलेला होता. "मी नोंद करत हुतो."

मंजूनं वायर उपसली. ट्रिमर मेला, चौकटी थांबल्या. तिनं वायर लावली, चौकट आली. उपसली, गेली. असं तीनदा करून दाखवलं. ट्रिमरच्या पोटातली बॅटरी जळून गेली होती आणि तो बिचाऱ्या कॉम्प्युटरचं रक्त शोषत होता. शाळेतून मंजू येईपर्यंत तो पुन्हा अप्पांच्या जुन्या शिक्क्यांच्या डब्यात लपत असल्यामुळं मागची भोकं दर वेळी रिकामीच सापडत होती.

अव्वा उंबऱ्यात उभी राहून हे बघत होती.

"म्हंजे देव न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई गं अव्वा. दाढी हाय."

अव्वानं हातातल्या बेलाच्या पानाकडं बघितलं, नवऱ्याच्या अर्ध्या गालाकडं बघितलं. "दोन दिस झाले," ती म्हणाली, "मी ह्यांच्या दाढीला ईभूत लावायले." मग तिनं पुढं होऊन ट्रिमर उचलला, कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. खिडकीतून महामायाकाकूंना सांगायचं काम तिनं लगेच हाती घेतलं, आणि ते काम ती कधीच अर्धं सोडत नसे.

अप्पा खुर्चीत बसले. त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. मंजूला वाटलं आता बोलणी बसणार. पण अप्पांनी शांतपणे लिहिलं, आवक क्रमांक एकशे अठ्ठेचाळीस. कोणाकडून: कु. मंजुश्री. विषय: श्री. मल्लिनाथ हलकुडे यांची दाढी. मग त्यांनी स्वतःच्या नावानं कारणे दाखवा नोटीस काढली, जावक नंबर टाकला, स्वतःच ती सही करून घेतली, तिला पानभर खुलासा दिला आणि खुलाशाखाली लाल पेनानं शेराही मारला: समाधानकारक नाही. मग डोकं वर न काढता म्हणाले, "दाखल्याचा मजकूर मी लिहिणार. टाईप तू करायचं. एक अक्षर बदलायचं न्हाई."

शनिवारी बारा वाजता, मार्चच्या रणरणत्या उन्हात, अप्पा कानापासून हनुवटीपर्यंत लोकरी मफलर गुंडाळून मंजूबरोबर शाळेकडं निघाले. घरातलं ब्लेड संपून महिना झाला होता, आणि नवं आणायचं तर दुकानदाराला तोंड दाखवावं लागणार होतं. फाटकात टेम्पो लागलाच होता. लॅबमधला पहिला कॉम्प्युटर व्हरांड्यात आणून ठेवलेला बघून मंजूनं अप्पांचा हात ओढला आणि दोघं जवळजवळ पळतच केबिनमध्ये शिरले.

बिरादार मॅडमनी दाखला घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"दाखला देण्यात येतो की, कु. मंजुश्री हिने चालू केलेला संगणक गेले तीन आठवडे आमचे नजरेखाली असून, सदर संगणकाबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही." इथं मॅडम जरा थांबल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुढची ओळ हळू वाचली. "आमच्याबद्दल मात्र सदर संगणकाच्या एकशे सत्तेचाळीस तक्रारी असून, चौकशीअंती त्या सर्व रास्त आढळल्या आहेत."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. मॅडमनी शिपायाला हाक मारून व्हरांड्यातला कॉम्प्युटर परत आत न्यायला सांगितलं. मग दाखल्याची घडी घालत त्यांनी अप्पांकडं बघितलं.

"एकशे सत्तेचाळीस? असं केलंत तरी काय तुम्ही, आजोबा?"

अप्पांनी मंजूकडं बघितलं. मंजू खिडकीतून टेम्पोकडं बघत होती, अगदी मन लावून. जे आहे ते टेबलावर पाहिजे, हे शेवटी त्यांचंच वाक्य होतं.

त्यांनी मफलर सोडला.